सरोवराकाठचा लाकडी धंदा : ब्रिएन्झ गावाच्या दोनशे वर्षांचा जमाखर्च

हातात हुनर असले की माणूस उपाशी राहत नाही, असे आपल्याकडे वडीलधारी माणसे सांगत आली आहेत. हे म्हणणे खोटे नाही, परंतु पुरेसेही नाही. हात तेच, हत्यारे तीच, मेहनतही तीच. तरीदेखील गिऱ्हाईक तुटल्यामुळे बसून राहिलेले कातारी, सुतार, नक्षीगार आपण आपल्याच मोहल्ल्यांत पाहतो. तेव्हा हुनराखेरीज आणखी काय असले म्हणजे धंदा टिकतो, याचा शांतपणे अभ्यास केला पाहिजे. त्यासाठी एखाद्या अशा गावाचे उदाहरण घ्यावे की ज्याने एकाच कसबावर अनेक पिढ्या काढल्या, तेजी पाहिली, मंदी सोसली आणि आजही ते कसब सोडलेले नाही.

स्वित्झर्लंडमधील ब्रिएन्झ हे असे एक गाव आहे. बर्न प्रांताच्या डोंगराळ भागात, ब्रिएन्झ नावाच्याच सरोवराच्या काठी ते वसलेले आहे. लोकवस्ती जेमतेम तीन हजारांच्या आसपास. पुढे निळेहिरवे पाणी, मागे रोटहॉर्न नावाचा उंच डोंगर, शेतीला जमीन थोडी आणि हिवाळा लांबलचक. आपल्याकडून सहलीला जाणारी मंडळी ज्या इंटरलाकेन शहरात उतरतात, तेथून हे गाव सरोवराच्या दुसऱ्या टोकाला आहे. आगगाडीने किंवा आगबोटीने तेथे जाता येते. बहुतेक प्रवासी सरोवराचे फोटो काढून परततात. धंदेवाईक माणसाने मात्र या गावाची जमाखर्चाची वही उघडून पाहावी, इतके शिकण्यासारखे तिच्यात आहे.

उपासमारीतून निघालेला उद्योग

१८१५ सालच्या एप्रिल महिन्यात इंडोनेशियातील सुंबावा बेटावर टाम्बोरा नावाच्या ज्वालामुखीचा महाभयंकर स्फोट झाला. त्याची राख व वायू आकाशात इतके पसरले की पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा म्हणून पडलाच नाही. १८१६ साली थंडी व पाऊस यांमुळे पिके बुडाली, धान्याचे भाव भडकले आणि स्वित्झर्लंडच्या डोंगराळ भागांत लोकांवर उपासमारीची पाळी आली. हजारो मैलांवरच्या एका स्फोटाने ज्या गावांतील चुली विझल्या त्या गावांतच नवा धंदा जन्माला आला.

ब्रिएन्झमध्ये ख्रिस्तियान फिशर (१७९०–१८४८) नावाचा एक कातारी होता. चरकावर लाकूड फिरवून वाट्या, डबे, पेले बनविणे हा त्याचा व्यवसाय. या कातीव वस्तूंवर त्याने पाने, फुले, वेली कोरण्यास सुरुवात केली आणि त्या वस्तू डोंगर पाहण्यास येणाऱ्या परदेशी प्रवाशांना विकू लागला. साधा डबा आणि नक्षीचा डबा यांना लाकूड सारखेच लागते, परंतु किमतीत फरक पडतो, हे त्याने ओळखले. ब्रिएन्झच्या कोरीवकामाचे आरंभवर्ष परंपरेने १८१६ हेच मानले जाते.

फिशरने दुसरी गोष्ट केली ती अधिक मोलाची आहे. आपले कसब त्याने कोंडून ठेवले नाही. गावातील इतरांना त्याने ते शिकविले. आपल्याकडे पुष्कळ उस्ताद शेवटची किल्ली पोरालाही देत नाहीत, आणि ते गेले की त्यांच्याबरोबर कलाही दफन होते. फिशरने शिकविलेल्यांनी पुढे दुसऱ्यांना शिकविले आणि काही वर्षांतच एका माणसाची युक्ती साऱ्या गावाची रोजी झाली.

गिऱ्हाईक दाराशी आले

त्या काळात इंग्रज व इतर युरोपीय श्रीमंतांना आल्प्सचे डोंगर पाहण्याचा छंद जडला होता. ब्रिएन्झच्या समोरच्या काठावर गीसबाख नावाचा मोठा धबधबा आहे. १८३९ साली सरोवरात आगबोट सुरू झाली आणि तिचे नावही गीसबाखच ठेवण्यात आले. पुढे धबधब्याजवळ मोठे हॉटेल उभे राहिले आणि १८७९ साली काठापासून हॉटेलपर्यंत चढणारी दोरावरची गाडी सुरू झाली. १८८८ साली ब्रिएन्झला ब्रुनिग घाटातून येणारी आगगाडी मिळाली. १८९२ साली रोटहॉर्न डोंगरावर जाणारी दातेरी चाकांची वाफेची गाडी धावू लागली. ती आजही गिऱ्हाइकांना घेऊन डोंगर चढते.

म्हणजे रस्ता, बोट, रेल्वे आणि हॉटेल या चार गोष्टींनी कोरीवकामाला बाजार मिळवून दिला. त्यांतील एकही गोष्ट कारागिरांच्या हातची नव्हती, हे येथेच ध्यानात ठेवावे. पुढे याचा संबंध येणार आहे.

या बाजाराला काय हवे ते कारागिरांनी बरोबर हेरले. प्रवाशाला घरी नेता येईल अशी, डोंगराची आठवण देणारी वस्तू हवी होती. म्हणून कागद कापण्याच्या सुऱ्या, दागिन्यांचे डबे, फोटोच्या चौकटी, डोंगरी हरणे, एडेलवाईसची फुले असा माल निघू लागला. त्यातही अस्वलाला फार मागणी आली. अस्वल हे बर्नचे राजचिन्ह आहे. छत्र्या ठेवण्याचे उभे अस्वल, पाठीवर बैठक घेतलेले अस्वल, वाद्य वाजविणारे अस्वल, असे शेकडो प्रकार झाले. काही डब्यांत व खुर्च्यांत वाजणारी यंत्रे बसविण्यात आली. वाजणारे डबे व कोरीवकाम यांसाठी प्रसिद्ध असलेली जोबिन ही पेढी १८६५ सालची असून ती ब्रिएन्झमध्ये आजही चालू आहे. १८५१ च्या लंडनच्या प्रचंड प्रदर्शनातही स्विस कोरीव लाकूड मांडले गेले आणि दूरदूरच्या देशांत त्याला गिऱ्हाईक मिळाले.

काम बहुतेक घरी चाले. उन्हाळ्यात गुरे व गवत, हिवाळ्यात खिडकीपाशी पटाशी. बायका व मुलेही हातभार लावीत. तयार माल व्यापारी उचलीत आणि हॉटेलांच्या, शहरांच्या दुकानांत पाठवीत. या पद्धतीत कारागिराला भांडवलाची चिंता कमी, पण भाव ठरविण्याचा अधिकारही कमी. आपल्याकडच्या विणकरांना, जरीकाम करणाऱ्यांना हे चित्र अगदी ओळखीचे वाटेल.

काम कसे चालते

धंद्याचा अभ्यास करताना मालाचीही थोडी ओळख हवी. ब्रिएन्झच्या कोरीवकामात मुख्यतः लिंडन नावाच्या झाडाचे लाकूड वापरतात. ते मऊ, फिकट आणि एकसारख्या रेषांचे असते. त्यामुळे पटाशी कोणत्याही दिशेने फिरविली तरी ते सहसा फाटत नाही. अधिक कणखर व उंची कामासाठी अक्रोडाचे लाकूड घेतात.

लाकूड आधी वाळवावे लागते. एक इंच जाडीला एक वर्ष असा जुन्या कारागिरांचा ठोकताळा आहे. म्हणजे चार इंची फळीत चार वर्षे पैसा अडकून पडतो. घाई करून ओले लाकूड कोरले तर वस्तू गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन तडकते, आणि तडकलेली वस्तू दुकानदाराच्या नव्हे तर गावाच्या नावाने ओळखली जाते. वाळलेल्या ठोकळ्यावर आकृती रेखाटून आधी जादा लाकूड काढतात. पूर्वी हे काम कुऱ्हाड व करवतीने होई, आता पट्ट्याच्या करवतीने होते. मग मोठ्या गोल तोंडाच्या पटाश्यांनी अंगाचा ढोबळ आकार, त्यानंतर लहान पटाश्यांनी केस, डोळे, पिसे. एका कारागिराजवळ लहानमोठ्या, सरळ, वाकड्या, खोलगट अशा डझनावारी पटाश्या असतात आणि दिवसाचा बराच वेळ त्यांना धार लावण्यात जातो. गिऱ्हाइकाला ही धार दिसत नाही, मात्र तिच्यावाचून काम साफ होत नाही. किंमत काढताना हा न दिसणारा वेळ धरला नाही, तर कारागीर आपल्याच खिशातून गिऱ्हाइकाला पैसे देत असतो.

शाळेने काय केले

माल खपू लागला की एक रोग हमखास लागतो. प्रत्येकजण तेच अस्वल, तीच चौकट करू लागतो, भाव पडतात, भाव पडले की काम उरकण्याची घाई होते आणि मालाचा दर्जा घसरतो. ब्रिएन्झलाही या रोगाची लागण होण्याचा धोका होता. यावरचा उपाय म्हणून १८८४ साली गावात कोरीवकामाची शाळा सुरू झाली.

या शाळेची रीत लक्षात घेण्यासारखी आहे. विद्यार्थ्याच्या हाती नुसती पटाशी दिली जात नाही. आधी चित्रकला, मग मातीत आकार घडविणे, माणसाच्या व जनावराच्या शरीराची घडण समजून घेणे, आणि त्याच्या जोडीला लाकडातले प्रत्यक्ष काम. ज्याने हरीण कागदावर व मातीत समजून घेतले, तो हरणाची दहा निराळी रूपे काढू शकतो. ज्याने फक्त उस्तादाच्या हरणाची नक्कल केली, तो जन्मभर तेच एक हरीण करीत राहतो. नक्कल करणाऱ्याला यंत्र केव्हाही मागे टाकते, कारण नक्कल हेच यंत्राचे काम आहे. नवे रूप काढणाऱ्यापुढे यंत्राला थांबावे लागते.

१९२८ साली बर्न प्रांताच्या सरकारने ही शाळा आपल्याकडे घेतली. शिक्षण चार वर्षांचे असते आणि शेवटी देशभर मान्य असलेले प्रमाणपत्र मिळते. १९४४ साली ब्रिएन्झमध्येच व्हायोलिन बनविण्याची शाळा निघाली. लाकूड ओळखणारे हात गावात होतेच, त्यांना एक नवा आणि उंची धंदा जोडून देण्यात आला. पुढे कातकाम, लाकडी पिंपे व भांडी बनविणे, टोपल्या विणणे अशा लहान होत चाललेल्या इतर कसबांचे शिक्षणही कोरीवकामाच्या शाळेभोवती एकत्र आले. एकेका कसबाला विद्यार्थी मोजकेच मिळतात, त्यामुळे स्वतंत्र शाळा कोणालाच परवडत नाही. एका छताखाली मात्र सर्वांचा निभाव लागतो. लहान धंद्यांनी एकमेकांच्या आधाराने कसे उभे राहावे, याचा हा धडा आहे.

बाजार जातो तेव्हा

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि प्रवासी यायचे थांबले. हॉटेले ओस पडली. जो माल प्रवाशांसाठीच बनत होता तो घेणार कोण? युद्ध संपले तरी जुने दिवस परत आले नाहीत. युरोपात पैशाची टंचाई होती, लोकांची आवडही बदलली होती. नक्षीने भरलेल्या जड वस्तूंऐवजी साध्या, सपाट वस्तू घरात शोभू लागल्या. १९२९ नंतरची जागतिक मंदी आणि मग १९३९ चे दुसरे महायुद्ध यांनी उरलासुरला आधारही काढून घेतला. पुष्कळ घरांतील पटाश्या खुंटीला लागल्या.

ज्यांचा निभाव लागला त्यांच्याकडे नीट पाहिले तर एक गोष्ट दिसते. त्यांनी प्रवाशाखेरीज दुसरे गिऱ्हाईक शोधले. हान्स हुगलर-वीस यांनी १९०० साली सुरू केलेली कार्यशाळा नाताळच्या देखाव्यातील लाकडी मूर्तींसाठी नावारूपास आली. देखावा एकदम पुरा विकत न घेता कुटुंबे दरसाल एखाददुसरी मूर्ती जोडीत जातात. याचा अर्थ, एकदा आलेले गिऱ्हाईक वर्षानुवर्षे परत येते, आणि ते आपल्याच देशातले असते. शेजारच्या होफश्टेटेन गावात १९३८ साली ट्राउफर यांचा लाकडी खेळण्यांचा व्यवसाय सुरू झाला. त्यांची ठिपक्याठिपक्यांची लाकडी गाय स्विस मुलांच्या घराघरांत पोहोचली. प्रवासी आयुष्यात एकदा येतो, घरातले मूल मात्र दर पिढीत नव्याने जन्माला येते.

हा प्रसंग जुना म्हणून सोडून देण्यासारखा नाही. २०२० साली महासाथीमुळे जगभर प्रवास थांबला तेव्हा पर्यटनावर जगणाऱ्या प्रत्येक गावाला १९१४ चीच आठवण झाली असेल. निसर्गाचेही तसेच. २००५ च्या ऑगस्टमध्ये ब्रिएन्झवर डोंगरी ओढ्याचा लोंढा आला आणि दोन जीव गेले. १२ ऑगस्ट २०२४ रोजी पुन्हा एका ओढ्याने दगडमातीसह गावात घुसून घरांची, रस्त्यांची व रेल्वेची मोठी हानी केली. याउलट, त्याच सरोवराच्या काठच्या इझेल्टवाल्ड या खेड्यात एका कोरियन मालिकेतील दृश्यामुळे प्रवाशांची इतकी झुंबड उडाली की २०२३ साली तेथील धक्क्यावर जाण्यासाठी पाच फ्रँकांचे तिकीट लावावे लागले. गर्दी कधी येईल व कधी जाईल हे कारागिराच्या हाती नाही, एवढेच यावरून समजावे.

नाव हरवल्याचा तोटा

आता या वहीतील सर्वांत मोठ्या तोट्याकडे वळू. तो युद्धामुळे झाला नाही, महापुरामुळेही नाही.

जगभरच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात कोरीव लाकडी अस्वलांना 'ब्लॅक फॉरेस्ट'चा माल म्हणण्याची रीत पडली. ब्लॅक फॉरेस्ट हा जर्मनीतील जंगलाचा प्रदेश आहे. तेथे घड्याळांचा धंदा मोठा, विशेषतः कोकिळा बाहेर येऊन ओरडणाऱ्या घड्याळांचा. त्यामुळे लाकडी व नक्षीदार जे दिसेल ते तेथलेच असणार, असे व्यापारी व संग्राहक धरून चालले. वस्तुतः त्यांतील बहुतेक अस्वले ब्रिएन्झ व आसपासच्या गावांत कोरलेली होती. २००५ साली जे आरेन्स्की, सायमन डॅनियल्स व मायकेल डॅनियल्स यांनी या विषयावर ग्रंथ लिहून ही गोष्ट सविस्तर मांडली. तरीही लिलावाच्या याद्यांत जुने नाव चालूच आहे.

गंमत अशी की कोकिळेच्या घड्याळाच्या बाबतीत उलटे घडले. ते मूळ ब्लॅक फॉरेस्टचे, पण सर्वसामान्य लोक त्याला स्विस समजतात. म्हणजे एकाचे अस्वल दुसऱ्याच्या नावावर आणि दुसऱ्याचे घड्याळ पहिल्याच्या नावावर.

ब्रिएन्झच्या बाबतीत हे का घडले असावे? बहुसंख्य वस्तूंवर ना कारागिराचे नाव होते, ना गावाचे. माल व्यापाऱ्यामार्फत जाई. मालावर कारागिराचे नाव असेल तर गिऱ्हाईक उद्या थेट त्याच्या दाराशी जाईल, म्हणून व्यापाऱ्याला अशा नावाची गरज कधीच नसते. कारागिरालाही वाटे, नावाशी काय करायचे आहे, मजुरी मिळाली की झाले. मजुरी मिळाली, पण त्याच आजोबांची मोठी अस्वले आज जेव्हा लाखो रुपयांच्या मोलाने विकली जातात, तेव्हा त्यांच्या नातवाच्या दुकानाकडे गिऱ्हाइकाला नेणारी खूण त्या वस्तूवर नसते. एक छोटा शिक्का मारण्याचा आळस शंभर वर्षे महागात पडला.

स्वित्झर्लंडने आता कायदा कडक केला आहे. १ जानेवारी २०१७ पासून कारखानी मालावर स्विस नाव किंवा क्रूस लावायचा असेल तर उत्पादनखर्चाचा किमान ६० टक्के भाग त्या देशात झालेला असावा लागतो. पण कायदा पुढच्या मालाला लागू होतो. जुन्या अस्वलांवर तो शिक्का मारून देऊ शकत नाही.

उत्सवाचा उपयोग

ब्रिएन्झने हा तोटा भरून काढण्यासाठी जे केले त्यात उत्सवांचा वाटा मोठा आहे. उन्हाळ्यात सरोवराकाठी देशोदेशींच्या काष्ठशिल्पकारांचा मेळावा भरविण्यात येतो. प्रत्येकाला ओंडका मिळतो आणि काही दिवसांत लोकांच्या डोळ्यांदेखत त्यातून शिल्प उभे राहते. गावात कोरीवकामाचे संग्रहालय आहे. जवळच बालेनबर्ग येथे १९७८ पासून जुन्या घरांचे मोठे खुले संग्रहालय आहे आणि तेथे जुनी कसबे प्रत्यक्ष करून दाखविली जातात.

यामागे व्यापारी शहाणपण आहे. दुकानात मांडलेले हरीण पाहून गिऱ्हाईक म्हणते, "एवढी किंमत?" तेच हरीण ठोकळ्यातून निघताना तासभर पाहिले की ते किंमत विचारण्यापूर्वी नाव विचारते. आपल्याकडील उरूस, जत्रा व प्रदर्शनांत कारागीर बहुधा तयार माल मांडून बसतात. हत्यारे घरी ठेवून येतात. ती बरोबर नेली पाहिजेत.

आपल्यासाठी धडा

ब्रिएन्झच्या जमाखर्चावरून असे दिसते की कसबी धंदा तीन खांबांवर उभा असतो : बाजार, शिक्षण आणि नाव. पहिला खांब आपल्या हातात नाही, तो कधीही डळमळेल. उरलेले दोन मात्र आपल्या हातचे आहेत. ब्रिएन्झने शिक्षणाचा खांब वेळेवर रोवला म्हणून ते वाचले, आणि नावाचा खांब रोवला नाही म्हणून त्याची मिळकत दुसऱ्याच्या नावावर चढली.

आपल्या देशात भौगोलिक निर्देशांकाचा कायदा १९९९ साली झाला व १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. चन्नपट्टणची खेळणी, काश्मीरचे अक्रोडी कोरीवकाम, सहारनपूरचे लाकूडकाम यांची नावे त्याखाली नोंदलेली आहेत. परंतु गावाचे नाव नोंदले गेले म्हणजे प्रत्येक कारागिराचे काम झाले असे नाही. ज्याला ते नाव आपल्या मालावर लावायचे आहे त्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंद करून घ्यावी लागते. ही नोंद दलालाने केली व कारागिराने केली नाही, तर ब्रिएन्झचीच कथा पुन्हा घडेल. मोती तलावाच्या काठी लाकडी खेळणी व फळे बनविणारी सावंतवाडीची चितारआळी असो की आपल्या गल्लीतील एकटा नक्षीगार असो, हिशेब एकच आहे.

परदेशी बाजाराचाही विचार करण्याजोगा आहे. स्वित्झर्लंडने १ जानेवारी २०२४ पासून औद्योगिक मालावरील आयातकर सर्वच देशांसाठी काढून टाकला. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड व लिक्टेनस्टाइन या चार देशांशी भारताचा व्यापार करार १० मार्च २०२४ रोजी झाला आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून अमलात आला. दार उघडे आहे. मात्र त्या दारातून निनावी माल गेला तर तो तिकडच्या दुकानदाराच्या नावाने ओळखला जाईल. शिवाय लाकूड कोठून आले याचा कागद लागतो. शिसवाच्या जातीच्या लाकडाचा परदेशी व्यापार २०१७ पासून आंतरराष्ट्रीय नियमांखाली आहे, म्हणून खरेदीची पावती जपून ठेवावी.

आता किमतीचा एक हिशेब पाहू. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत, प्रत्येकाने आपले घालावेत. एका कोरीव वस्तूस लाकूड १५० रुपये. पॉलिश, पॉलिशकागद, वीज व धार ७० रुपये. आठ तासांचे काम, तासाला १२० रुपयांप्रमाणे ९६० रुपये. एकूण १,१८० रुपये. दहांतील एक वस्तू तडकते किंवा बिघडते म्हणून ११८ रुपये. वेष्टन, भाडे व प्रवास १५२ रुपये. पदरखर्च झाला १,४५० रुपये. दलालाने ९०० रुपये देऊ केले आणि "तोटा तर नाही ना" असे म्हणून आपण घेतले, तर मजुरीखेरीजचे ४९० रुपये वजा जाता हाती उरतात ४१० रुपये. म्हणजे तासाला सुमारे ५१ रुपये. हा हिशेब कागदावर मांडला नाही तर वर्षभर राबूनही पैसा कोठे जातो हे कळत नाही.

शेवटी, उद्यापासून करता येतील अशा चार गोष्टी सांगतो.

१. प्रत्येक वस्तूच्या तळाशी आपले नाव, गाव व वर्ष यांचा शिक्का मारावा. दलाल नको म्हणाला तर लहान मारावा, पण मारावा.

२. एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकावर सारा धंदा ठेवू नये. प्रवाशाला विकणाऱ्याने वर्षातून एक तरी वस्तू अशी बनवावी जी शेजाऱ्याच्या घरी लागेल.

३. शिकाऊ मुलाला हत्यारापूर्वी पेन्सिल द्यावी. रोज अर्धा तास चित्र काढणारा मुलगा पाच वर्षांनी आपला नवा नमुना घेऊन उभा राहील. मुलींनाही यातून वगळू नये.

४. वस्तीत पाच-दहा कारागीर असतील तर त्यांनी लाकूड एकत्र खरेदी करून वाळवावे. एकट्याला चार वर्षे पैसा अडकविणे परवडत नाही, दहाजणांना परवडते.

यासाठी सरकारी मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. फिशरनेही पाहिली नव्हती. त्याच्याजवळ एक चरक होता, उपासमारीचे वर्ष होते आणि शेजाऱ्याला शिकविण्याची दानत होती. एवढ्या भांडवलावर त्या गावाने दोनशे वर्षे काढली. शिक्का मारण्याचे मात्र त्या गावाच्या हातून राहून गेले. तेवढे आपण चुकवू नये.